ज्याला आम्ही पेपर म्हणत होतो

बेत चिखलदऱ्याचा होता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून विदर्भात जातेय म्हटल्यावर नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण माझी भाची प्रज्ञा अमरावतीला राहते आणि चिखलदऱ्याला सकाळी अंगावर शाल घ्यावी लागते, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. तिच्या भरवशावर मी तिकीट काढलं.

तुम्हीही जाणार असाल तर गाडी थेट अमरावतीला जाते की फक्त बडनेऱ्यापर्यंत, ते आधी बघा. मी बघितलं नव्हतं. बडनेऱ्यालाच उतरले, पण बिघडलं काहीच नाही, स्टेशनबाहेर ऑटो उभेच असतात. अर्ध्या तासात प्रज्ञाच्या खोलीवर पोचले आणि आंघोळ करून आम्ही गिला वडा खायला गेलो. दही, वरून झणझणीत चटणी आणि गाडीवाल्याची आणखी एक घ्याच अशी नजर. मी दोन प्लेटी संपवल्या. तिथे दुपारी बारानंतर रस्त्यावर थांबू नका, टोपी आणि पाण्याची बाटली सोडू नका. माझ्या हातातली पाण्याची बाटली बघून प्रज्ञाने नाक मुरडलं होतं, ते का हे मला नंतर कळलं.

ती मातीचा अभ्यास करते एवढंच मला माहीत होतं. मातीतले प्लास्टिकचे बारीक कण शोधते हे त्या दिवशी कळलं. तिच्या खोलीत पलंगाखाली चपलांच्या जागी मातीच्या पिशव्या होत्या, प्रत्येकीवर गावाचं आणि शेताचं नाव. चिखलदऱ्याआधी एक दिवस आईच्या शेतावर जाऊ, तिथली माती घ्यायची राहिली आहे, असं ती म्हणाली. तिची आई म्हणजे माझी मोठी बहीण, शोभाताई. मला काय, ताईच्या हातची पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी मिळणार होती.

सकाळी सहाला स्कूटरवरून निघालो. अकोल्याचा हमरस्ता गुळगुळीत आहे, मूर्तिजापूरपर्यंत मजेत गेलो. पुढे गावाकडे वळलं की मात्र कंबर सांभाळावी लागते. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी जमीन आणि मधूनच एखादा चमचमणारा पट्टा. मला वाटलं, तळं आहे. प्रज्ञा म्हणाली, मावशी, ते मल्चिंग आहे. टरबूज, मिरची लावताना वाफ्यावर अंथरतात तो रुपेरी पापुद्रा. तण उगवत नाही, पाणी टिकतं. दुकानदारापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे त्याला मल्चिंग पेपर म्हणतात, आणि बोलताना नुसता पेपर.

ताई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी होती. टरबूज निघालं होतं, वेल वाळले होते. उद्या ट्रॅक्टरवाला येणार, रोटाव्हेटर फिरवून सगळं मातीत बारीक करणार, मग शेत मोकळं, असं ती सांगत होती. प्रज्ञाने विचारलं, आणि पेपर? ताई म्हणाली, तो त्यातच, दरसालसारखा. तीन वर्षं झाली, मजूर लावून वेचायची कटकटच नाही. बचत गटातल्या बायांनाही तिनेच शिकवलं होतं. प्रज्ञाने वाकून ओंजळभर माती उचलली. आई पहिल्या वर्षासारखा तो गोळा करत असणार असं धरून ती अमरावतीत लोकांच्या शेतांची माती तपासत बसली होती.

जेवायला पातोडी, भाकर, ठेचा सगळं होतं. चव कशी होती ते सांगता यायचं नाही, कारण जेवणाआधीच प्रज्ञाने काचेची बरणी मागितली. पाण्यात मिठाची अख्खी पिशवी ओतली, ढवळली, वरून शेतातली ओंजळभर माती टाकली. माती जड, ती हळूहळू खाली बसते आणि प्लास्टिक हलकं, ते वर येतं. आम्ही तिघी ओट्यापाशी उभ्या. आधी काडीकचरा वर आला, मग एक चकचकीत कपटा, मग पाच, मग मोजायचं मी सोडून दिलं. काही टिकलीएवढे, काही मोहरीपेक्षा बारीक. एका ओंजळीत एवढे. डोळ्यांना दिसत नाहीत असे आणखी असतील आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतील, असं प्रज्ञा म्हणाली. ते पिकात, पोटात किती जातात हे मी विचारलं, तर म्हणाली, छातीठोकपणे सांगता येणार नाही, तेच तर शोधतोय.

ताईने बरणीतला एक कपटा बोटावर घेतला. मग माझ्याकडे वळली.

"कुंदा, तो कुजते म्हणून तूच तं लिवलं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी टरबूज निघाल्यावर ताईने फोनवर विचारलं होतं, पेपर कुजतो का गं? मी म्हटलं होतं, कागद आहे, कुजेल नाही तर काय. वर याच ब्लॉगवर झोकात लिहिलं होतं की माझी ताई पेपर मातीत मिसळून त्याचंच खत करते. हातात घेऊन बघितलासुद्धा नव्हता. शिकलेली बहीण लिहितेय म्हणजे खरं असणार, एवढाच ताईचा गुन्हा.

ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगितलं. चिखलदरा रद्द झाला हे कोणी बोलूनही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गटातल्या बाया आल्या आणि आम्ही या वर्षीचा पापुद्रा वेचायला लागलो. उन्हाने तो इतका ठिसूळ झाला होता की धरला की तुकडा हातात आणि उरलेला मातीत. नऊपर्यंत पोती भरली, तरी मागे वळून बघितलं की वाफे चमकतच होते. मी वैतागून रडले, उन्हाचं निमित्त करून.

एक मेला ग्रामसभा असते. ताई म्हणाली, मी बोलते. मला भीती वाटली. गावात ताईचा शब्द चालतो, गट तिच्या नावावर उभा आहे, चारचौघांत आपली चूक सांगितली तर तो शब्द राहील का? मी म्हटलं, माझं नाव घे. तिने घेतलं नाही. समाजमंदिरात जयभीम म्हणून उभी राहिली आणि सांगितलं की मी चुकीचं शिकवलं, माझ्या वावरात तीन वर्षांचं प्लास्टिक हाय. बरणी टेबलावर ठेवली. मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, मंग आता ते निंगते का? प्रज्ञा उठली आणि नाही म्हणाली.

मग मात्र धडाधड बोलणं झालं. वेचल्याशिवाय रोटाव्हेटर फिरवायचा नाही. विकणाऱ्यानेच वापरलेला परत घ्यावा आणि गोळा केल्याचं दाखवल्याशिवाय मल्चिंगसाठीचं पुढचं सरकारी अनुदान नको, असं तालुक्याच्या कृषी कार्यालयाला कळवायचं. ग्रामसेवक ठराव लिहीत होते, मल्चिंग पेपर. ताईने वाकून बघितलं.

"पेपर नका लिवू साहेब. त्या शब्दानंच आमाले फसवलं. प्लास्टिक लिवा."

त्यांनी खोडून तसं लिहिलं. ठराव वर जाईल तेव्हा जाईल, पण संध्याकाळी गावात एक बाई दुसरीला म्हणत होती, तुह्यं प्लास्टिक उचललं का? मी कान देऊन ऐकलं.

पुण्यात येऊन आज चार दिवस झाले. आल्या आल्या तो जुना लेख काढून टाकायला बसले होते. प्रज्ञाने फोनवर अडवलं, काढू नको, वरच मोठ्या अक्षरात चूक लिही, ज्यांनी वाचलंय त्यांना कळायला हवं. लिहिली. खाली वाचकांचे अभिप्राय होते, किती छान, किती सोपं. त्यांत जालन्याकडच्या एका बाईंनी लिहिलं होतं की तुमच्या ताईंचं वाचून आम्हीही मिसळला, मजुरी वाचली. त्यांना निरोप धाडला. उत्तर लगेच आलं. कुंदाताई, आम्ही दोन एकरांत मिसळला आहे, आता काय करू?

यंदाचा तरी वेचून घ्या, असं मी लिहिलं. मागचा आता निघत नाही, आणि ही चूक तुमची नाही, माझी आहे, असंही लिहिलं. त्यांनी वाचल्याचं दिसतंय.