उलट्या रिळाचा मानकरी

लातूरच्या तहसील कचेरीत मार्तंडराव मुहर्रिर होते. दिवसभर लोकांचे अर्ज उर्दूत उतरवायचे आणि संध्याकाळी बोटांवरची शाई चिंचेनं घासून काढायची, एवढंच त्यांचं काम. वर्षाचे तीनशे बासष्ट दिवस त्यांच्याकडे कुणी मान वळवून बघत नसे. उरलेले तीन दिवस मात्र ते गावाचे मार्तंडराव असत, आणि त्या तीन दिवसांच्या जोरावरच हा माणूस बाकीचं वर्ष ढकलतो असं त्यांच्या पत्नीचं, गोदावरीबाईंचं, मत होतं. मत त्या मनातच ठेवत.

ते तीन दिवस म्हणजे रिळांची जत्रा. कापसाचा हंगाम सरला की रामकिशन शेठ आपल्या जिनाचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, गोदाम रिकामं करत आणि बार्शीकडच्या छोट्या रेल्वेनं पत्र्याचे चपटे डबे मागवत. डब्यांत असायची मुकी रिळं, एकेक दहा-बारा मिनिटांचं. मोठ्या शहरांतले लोक तोवर बोलपट बघून नाकं मुरडायला लागले होते. आपल्या वाट्याला ही ओरखडे पडलेली, स्वस्तातली चिटुकली रिळं येत, आणि तीही बघायला लोक औशाहून, निलंग्याहून गाड्या जुंपून येत. रात्री माणसं जमवायची म्हटलं की निजाम सरकारची इजाजत मिळता मिळत नसे, म्हणून खेळ दिवसाढवळ्या. झरोक्यांना ताडपत्र्या आणि घोंगड्या ठोकून अंधार करायचा. आत उकाडा असा, की बाहेर पडणारा माणूस विहिरीतून निघाल्यासारखा दिसे.

रीळ मुकं आणि मधल्या पाट्या इंग्रजी. मग पडद्याशेजारी एक माणूस छडी घेऊन उभा राही आणि गोष्ट सांगे. डबे आणायचे पाचच, पण सांगणारे दोन-तीन. तेच रीळ सकाळी एकानं सांगायचं, दुपारी दुसऱ्यानं. लोक दोन्ही खेळांना येत, कारण बघायचं ते रीळ नव्हतंच, बघायचा तो सांगणारा. दारात प्रत्येकाच्या नावाची टोपली असे. जिनाचं गोदाम, तेव्हा सरकीला काय तोटा! बाहेर पडताना ज्याचं सांगणं आवडलं त्याच्या टोपलीत एक मूठ सरकी टाकायची, पुरुषांनी इकडच्या दारानं, बायकांनी तिकडच्या. तिसऱ्या दिवशी टोपल्या जिनाच्या मोठ्या काट्यावर चढत आणि जड टोपलीवाल्याला शेठजींच्या हातून फेटा मिळे.

सात वर्षं तो फेटा मार्तंडरावांच्या डोक्यावर चढला. का चढू नये? गावात इंग्रजी तीन इयत्ता शिकलेला माणूस असा कितीसा होता! पाटी आली की ते घसा साफ करून आधी इंग्रजीत वाचत, मग शुद्ध मराठीत अर्थ सांगत, आणि अवघड शब्द असला तर पुन्हा एकदा समजावत. तोवर पडद्यावरचा माणूस दोनदा पडून उठलेला असे. पण लोक मान डोलवत. इंग्रजी वाचणारं दुसरं कुणी नव्हतंच ना.

आणि मग केवळाबाई आली.

शिरूर अनंतपाळची ही शेतकरीण. चाळिशीची, उंच, दात मिश्रीनं काळे. हंगामातल्या शेवटच्या कापसाच्या गाडीबरोबर आली होती, रिळं बघायला बसली, आणि दुपारचा सांगणारा आजारी पडला म्हणून कुणीतरी थट्टेनं तिला पुढं ढकललं. अक्षर म्हणून ओळखत नव्हती. पडद्यावर एक ढेरपोट्या साहेब घोड्यावरून चिखलात पडला, तशी ती म्हणाली, "ह्यो आमच्याकडचा गिरदावर हाय. पीक बघायला आलाय, आन् बघून राहिलाय चिखल." सरकारी गिरदावराला असं चारचौघांत चिखलात लोळलेलं बघायला मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं त्याचे हेलपाटे घातलेत त्यालाच कळावं. गोदामाचे पत्रे थरथरले. त्या वर्षी फेटा केवळाबाईनं डोक्याला न बांधता कमरेला गुंडाळला आणि गाडीत बसून निघून गेली. पुढच्या वर्षीही तेच.

मार्तंडरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "पाटीत असं काही लिहिलेलंच नाही!" हे ते भेटेल त्याला सांगत सुटले. कचेरीत सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, देवळात पुजाऱ्याला सांगितलं. पुजारी म्हणाला, "नसेल लिहिलेलं, पण हसू आलं बघा." मार्तंडरावांनी त्या देवळात जाणं सोडलं. रात्री अंथरुणावर पडलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तिचा तो कमरेला गुंडाळलेला फेटा येई. डोक्याला बांधला असता तर एक वेळ त्यांनी सोसलं असतं.

फसली तेराशे चव्वेचाळीसच्या साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चौतीसच्या सुमारास, शेठजींनी डबे आल्या-आल्या जाहीर केलं, की पुढच्या सालापासून सांगणारा एकच. यंदा जिची किंवा ज्याची टोपली जड, त्याचीच पडद्याशेजारची जागा कायमची. हे ऐकल्यापासून मार्तंडरावांना अन्न गोड लागेना. ती जागा गेली की आपण उरतो कोण? अर्ज उतरवणारा. तेवढाच.

त्यातून केवळाबाईला काही अक्कल म्हणून नव्हती. पहिल्याच दिवशी ती त्यांच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "रावसाहेब, त्या पाट्यांत काय लिवल्यालं असतंय ओ? तुमास्नी वाचता येतंय. मला लई हेवा वाटतो बघा तुमचा." मार्तंडरावांनी तिच्याकडे निरखून बघितलं. ती खरंच विचारत होती. त्याचा त्यांना जास्त राग आला. "बरंच काही असतं," म्हणून ते उठून गेले.

तिसऱ्या दिवशी शेवटचं रीळ लग्नाचं होतं. नवरी आईच्या गळ्यात पडते, डोलीत बसते, भोई डोली घेऊन नदीतून पार होतात, आणि सासरच्या उंबऱ्यावर ती पायानं माप ओलांडते. दहा वाजता मार्तंडरावांनी ते सांगितलं. चांगलं सांगितलं. विवाह हा संस्कार कसा, इथपासून सुरुवात केली. टोपलीत सरकी बरी पडली. दोन दिवसांचा अंदाज घेतला तर टोपल्या बरोबरीत होत्या. आता सगळं केवळाबाईच्या दुपारच्या खेळावर होतं.

मार्तंडराव मशीनपाशी गेले. दांडा फिरवणारा सिद्धराम रीळ परत गुंडाळायला बसला होता. त्याच्या जमिनीचा अर्ज मार्तंडरावांनीच लिहून दिला होता, दोनदा.

"सिद्धराम, परत गुंडाळू नकोस. आहे तसंच खालच्या चक्रीवर राहू दे, आणि दांडा उलटा फिरव."

"समदं उलटं दिसंल की ओ, रावसाहेब. शेवट आधी."

"दिसू दे."

"आन् बाईनं काय सांगायचं?"

"तेच बघायचंय," मार्तंडराव म्हणाले. सिद्धरामनं मान खाली घातली, पण अर्जाचा निकाल अजून लागायचा होता, नाही म्हणायची सोय नव्हती.

गोदाम गच्च भरलं. मधोमध टांगलेल्या गोणपाटाच्या आडोशामागं बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांत सकाळपासून गोदावरीबाईही होत्या. दिवा लागला, मशीन खडखडलं, आणि पडद्यावर उंबऱ्यापाशी सांडलेलं धान्य टुणटुण उड्या मारत मापात जाऊन बसलं. नवरी पाठमोरी, एकेक पाऊल मागं टाकत घराबाहेर निघाली. पुरुषांत कुणीतरी शिटी घातली. "अरे, यंत्र बिघडलं!" असा ओरडा झाला. केवळाबाई छडी धरून नुसती उभी. मार्तंडरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर थाप मारली.

"गप बसा," केवळाबाई म्हणाली. "यंत्र न्हाई बिघडलं. पोरगी निघालीया."

ओरडा थांबला.

"माप सांडलं हुतं ते भरून ठिवलं. ज्याचं त्याला दिलं. म्हणली, मी निघते. पाठ न्हाई दावली बरं का सासूला! देवळातनं निघतो तसं, तोंड तिकडंच ठिवून निघालीया. चांगल्या घरची लेक हाय, रीत न्हाई सोडली."

डोली उचलली गेली. भोई उलट्या पावलांनी चालायला लागले, आणि पुरुषांत पुन्हा खसखस पिकली.

"हसा. भोई का उलटे चालून राहिले म्हाईत हाय का? उद्या सासरची माणसं माग काढत येतील. पावलं बघून म्हणतील, डोली तर घराकडंच आलीया! बसतील घरातच हुडकत." आता बायकांकडून हसू आलं, दबलेलं. डोली नदीत शिरली. "नदी बी बाईचीच जात. पाणी मागं सारून वाट देऊन राहिलीय बघा."

मग आईचं अंगण आलं. नवरी डोलीतून उतरून मागं मागं जात आईच्या मिठीत शिरली, आणि आईच्या गालावरचं पाणी वर चढून डोळ्यांत गेलं.

केवळाबाईचा आवाज खाली आला. "आईनं काय बी इचारलं न्हाई. का आलीस, कशी आलीस, कुणाला सांगून आलीस. डोळ्यातलं पाणी आत घेतलं आन् म्हणली, जेवलीस का?"

रीळ संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. गोणपाटामागं बांगड्या वाजल्या, एकीनं हुंदका दिला आणि मग दुसरीनं दिला. मार्तंडराव कान देऊन बसले होते, कुणीतरी हसेल म्हणून. कुणी हसलं नाही. बायका बाहेर पडताना मूठ सोडून ओंजळी भरभरून सरकी टाकत होत्या, आणि दारावरच्या माणसाची त्यांना अडवायची छाती झाली नाही.

काट्यावर केवळाबाईची टोपली धाडकन खाली बसली. तिनं फेटा घेतला, कमरेला गुंडाळला. पण मार्तंडरावांच्या जिवावरचं पुढंच होतं. शेठजींनी सिद्धरामला बोलावलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "चूक झाली, मालक." शेठजी म्हणाले, "असली चूक दर साली कर रे बाबा," आणि त्याच्या खांद्यावर नवं उपरणं टाकलं. लोक म्हणायला लागले, जत्रा पाहिली ती उलट्या रिळाची! सिद्धरामनं एकदा मार्तंडरावांकडे बघितलं आणि उपरणं नीट करून घेतलं.

मार्तंडराव तडातडा पावलं टाकत घरी निघाले. केवळाबाईची जळजळ होतीच, तिच्यावर आता सिद्धरामची. कल्पना कुणाची? दांडा उलटा फिरवा हे सांगितलं कुणी? गावभर ज्या रिळाचा गवगवा चाललाय ते रीळ खरं तर आपलं! पण सांगायचं कुणाला? सांगावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, की उलटं फिरवायला का सांगितलंत? जागा गेली, फेटा गेला आणि ही एकच नावाची गोष्ट, तीही तोंडातून काढायची सोय नाही.

घरी गोदावरीबाईंनी ताट वाढलं. डोळे लाल, नाक सुजलेलं. मार्तंडरावांनी दोन घास खाल्ले, तिसरा हातातच राहिला.

"तुला आवडलं ना ते उलटं रीळ?"

"आवडलं."

"मग ऐक. ते मी केलं. सिद्धरामला दांडा उलटा फिरवायला मीच सांगितलं. त्या बाईनं फक्त बडबड केली."

गोदावरीबाई हातातली भाकरी तशीच धरून बसल्या. "तुम्ही? ते कशासाठी?" एवढं विचारून त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उत्तराची वाट बघायचं सोडून दिलं. "म्हणजे ती बाई सगळ्यांसमोर गप पडावी म्हणून."

जे बोलायला नको तेच मार्तंडरावांच्या तोंडून निघालं. "तुझी मूठ कुणाच्या टोपलीत गेली?"

"तिच्या. दोन्ही हातांनी टाकली." गोदावरीबाईंनी भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. "लग्नाला अकरा वर्षं झाली. नांदेडला, आईकडे, एकदाच जाणं झालं. आज दुपारी. तेसुद्धा तुम्ही दुसऱ्या बाईला तोंडघशी पाडायला निघालात म्हणून."

त्या आत निघून गेल्या. मार्तंडराव ताटावर बसून राहिले, आणि त्यांना केवळाबाईचा हेवा वाटला, पण फेट्याचा नव्हे.