तेल नको होतं, पाणी हवं होतं

चांगुणाबायने यसूच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरली आणि सोडली. कातडी खाली बसली नाही. मळलेल्या पिठाला चिमटा काढावा तशी उभीच राहिली. यसू तिची मुलगी, दीड वर्षाची, आणि तीन दिवस मी तिला सांभाळत होते. पोरीचं सगळं अंग खोबरेलाने चकाकत होतं. ते तेल मीच चोळलं होतं, दिवसातून चार चार वेळा. चांगुणाबायने माझ्याकडे बघितलं नाही. पाणी कधी पाजलं एवढंच विचारलं. मी म्हटलं, जुलाब होत होते, पाण्याने वाढतात म्हणून सासूबाई नको म्हणाल्या. तेव्हा ती बोलली, "हिला त्याल नको व्हतं गं कमळे. पानी पायजे व्हतं." मग ती चमच्याने पाणी घालत बसली. पाणी ओठांच्या कडेने गळत राहिलं... दिवेलागणीच्या आधी यसू गेली.

चांगुणाबाय माझी मोठी जाऊ. दीड महिन्यापूर्वी तीही गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. पुतण्या सांगायला आला तेव्हा मी मासळी साफ करत होते, हात धुतले आणि तशीच निघाले. दहाव्याला जमलेल्या बायकांत एकजण म्हणाली की बाईने गावच्या किती लेकरांना न्हाऊमाखू घातलं, पण पोटची पहिली पोर मात्र लोकांच्या बाळंतपणापायी घालवली. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी तिथेच बसले होते, हातात चहा होता. मी तो पिऊन टाकला आणि गप्प राहिले. साठ वर्षं जशी राहिले तशीच. म्हणून आता हे लिहिते आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी मी लग्न होऊन भाईंदरला आले. आम्हा दोघींचे नवरे मिठागरावर कामाला. थंडी सरली की खाडीच्या कडेला मिठाचे ढीग उभे राहायचे आणि घरातल्या माणसांची कातडी तडकायची. पुरुषांच्या टाचांत बोट जाईल एवढ्या भेगा. बायकांचे हात खडबडीत. पोरंही मिठागरावर आईजवळ खेळायची, त्यांच्या पोटऱ्यांवर पांढरा पापुद्रा धरायचा. त्यावर औषध एकच, तेल. तेल संपलं तर माशाची चरबीसुद्धा चोळायचे, वास आला तर आला. चांगुणाबाय बाळंतिणींना आणि तान्ह्यांना अंग चोळून द्यायची. घोडबंदरपर्यंत तिला बोलावणं यायचं. चालत जायची, दोन-तीन दिवस राहायची, साडीचोळी आणि तांदूळ घेऊन यायची. तोंडाने फटकळ होती. एका सावकारणीला तिने तोंडावर सांगितलं होतं की तुझी कातडी म्हशीची आहे, तेल मुरायला पावसाळा उजाडेल. सावकारीण हसली आणि पुढच्या बाळंतपणालाही तिलाच बोलावलं.

मला ती कामाला बरोबर न्यायला लागली, कारण माझ्या हातात जोर होता. पहिल्याच आठवड्यात तिने मला शिकवलं. हातापायाकडे बघून काही ठरवायचं नाही, मिठाने सगळ्यांचंच वाळतं. कापडाखालचं पोट बघायचं. चिमटीत धरून सोडायचं. खरखरीत असली तरी झटकन खाली बसली तर ती कातडी तेल मागते. आणि सोडल्यावर उभी राहिली, तर आतलं पाणी आटलंय, मग वरून कितीही तेल ओत. "तेलानं नुसती चकाकी येते," म्हणायची, "आनि चकाकी बगून मानूस फसतंय." मी ऐकलं, मान डोलावली. मला वाटायचं, ती उगाच साध्या गोष्टीचं मोठं करते.

यसूला जुलाब लागले त्याच दिवशी सकाळी चांगुणाबाय घोडबंदरला गेली होती. पोरगी तोवर हसतखेळत होती. जाताना म्हणाली, पोरीच्या पोटाकडे बघत जा. नेहमीचं वाक्य, मी ते दारातच सोडलं. दुसऱ्या दिवशी यसूचे ओठ फुटले, गाल खरखरीत झाले, डोळे आत गेले. मी ठरवून टाकलं, वारा लागला, खारं हवामान, कातडी वाळली. माझ्या हातात जोर होता ना. मी चोळलं. अंग तुकतुकीत दिसायला लागलं आणि पोरगी रडायची थांबली. रडायची थांबली म्हणून मला बरं वाटलं... तिच्यात रडण्याएवढं पाणी उरलं नव्हतं, हे मला कळलं नाही. गोड्या पाण्याची घागर तिथेच होती, माझ्या पाठीमागे, झाकण घातलेली. एकदाही पोटाला चिमटा काढला असता तर कळलं असतं. मी काढला नाही. सासू नको म्हणाली हे खरं आहे, पण सासूला चिमटा ठाऊक नव्हता. मला होता.

यसू गेल्याच्या तिसऱ्या दिवसानंतर गावात चर्चा सुरू झाली. सासूने चांगुणाबायला सगळ्यांसमोर विचारलं, पोरीला एवढं तेल लावायला कोणी सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मला माहेरी धाडतील अशी भीती वाटली. चांगुणाबाय म्हणाली, "मीच सांगून गेलती. रोज चार येळा लाव, बोलली व्हती." एवढंच. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे मला उपकार मानायची संधीही दिली नाही. त्यानंतर वर्षभर तिला कोणी बाळंतिणीला बोलावलं नाही. स्वतःची पोर जिला कळली नाही, तिच्या हातात आमची कशी देऊ, असं बायका म्हणायच्या. ती मिठागरावर टोपली उचलायला गेली. जे हात तान्ह्यांच्या अंगावर फिरायचे, ते मिठाने रक्ताळले. रात्री त्या हातांना तेल मी लावून द्यायचे, तीही लावून घ्यायची. आम्ही दोघी त्या गोष्टीवर कधीच बोललो नाही.

लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, रॉकेलला रांगा लागायच्या तेव्हा, माझा दामू आठ महिन्यांचा असताना त्यालाही जुलाब लागले. मी तेलाची वाटी घेतलीच होती. सवय. चांगुणाबायने वाटी माझ्या हातातून काढून चुलीमागे ठेवली, दामूचं पोट उघडं केलं, चिमटा काढला. कातडी हळूहळू बसली. "अजून पानी हाय," ती म्हणाली. मग तिने पेज पातळ करून त्यात मीठ आणि गूळ घातला आणि दोन दिवस मांडीवर घेऊन चमच्याने पाजत राहिली. त्याने ओकलं की थांबायची, पुसायची, पुन्हा पाजायची. सासू पाणी नको म्हणाली. चांगुणाबायने तिला उलटून सांगितलं, तुमचं ऐकून एकदा बघितलं. त्यात माझं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.

माझी नात मीरा रोडला पार्लरमध्ये काम करते. ती सांगते, गिऱ्हाईक कोरडी कातडी म्हणून तेल, क्रीम मागतं, आणि खरं तर आत पाणी कमी असतं. दोन्ही ओळखायला शिकावं लागतं, त्याचे वर्ग असतात. मी ऐकून घेते. गेल्या पावसाळ्यात चांगुणाबायला भेटायला गेले होते तेव्हा मनाचा हिय्या करून म्हटलं, यसूचं सगळ्यांना सांगून टाकते. ती दाढेखाली सुपारी धरून बसली होती. म्हणाली, "आता कोनाला सांगतस? इचारनारे समदे गेले." मग म्हणाली, सांगायचं तर तेव्हा सांगायचं होतंस. ते बरोबर होतं.

तर आता सांगते. चार वेळा तेल लाव, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. चांगुणाबायने यसूला टाकलं नव्हतं, माझ्याकडे विश्वासाने सोडलं होतं. त्या घरात दोन पोरांच्या अंगातलं पाणी आटलं. तिची मेली. माझा दामू आज साठीला टेकलाय.