आईचे बसायचे दिवस

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमचं गाव, कळस, सोडलं, भोसरीला कंपनीत कामाला जायला. फाट्यावर बारामतीच्या एसटीची वाट बघत होते. शेजारी आई उभी होती, डोक्यावर तेल थबथबलेलं, पायही तेलकट आणि त्यांना रस्त्याची सगळी धूळ चिकटलेली. बाकीच्या आया पोरींना निरोप देताना रडतात, डबे भरून देतात. आमच्या आईनं एवढंच सांगितलं, “पुढल्या दसऱ्याला ये. कामाला न्हाय, बसायला ये.” मला तेव्हा तिचा रागच आला. आता वाटतं, बसायचे दिवस मोडून ती फाट्यापर्यंत चालत आली, हेच केवढं!

ज्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही, त्यांना हे बसायचे दिवस सांगायला हवेत. घट बसण्याआधी आई घर सारवायची, घरातली झाडून सगळी अंथरुणं कालव्यावर नेऊन धुवायची. मग नऊ दिवस उपास आणि शिवाय शेतातलं काम. पण दसरा झाला की कोजागिरीपर्यंत ती भाकरी-कालवणाशिवाय कशालाही हात लावायची नाही. दुपारी चक्क आडवी व्हायची. संध्याकाळी करडईचं तेल घेऊन काशाच्या वाटीनं तळपाय घासत बसायची. ही रीत तिला सासूकडून मिळाली. पूर्वी आमच्यात मेंढरं होती. दिवाळीनंतर कळपामागं कोकणाकडे चालत जायचं, म्हणून बायका आधीच पाय तेलानं मऊ करून ठेवायच्या. पुढं मेंढरं गेली, डाळिंबाची बाग आली, तेल तेवढं राहिलं.

चुलती दारावरून जाताना हटकून विचारायची, “राणीसाहेब निजल्या व्हय?” आई डोळेसुद्धा उघडायची नाही. “बागंला इसावा दिलाय, तवर मला बी दिलाय,” म्हणायची आणि कूस बदलायची. आख्खी आळी नावं ठेवत असताना असं कूस बदलता येणं ही साधी गोष्ट नाही. मला अजून जमत नाही.

मात्र हे सगळं फक्त स्वतःच्या घरात. माहेरी कन्हेरीला गेली तरी ती दिवसा कधी आडवी झाली नाही. भिंतीला पाठ टेकून ताठ बसून राहायची. “लोकाच्या घरात निजायचं नसतं. भावाचं झालं तरी ते आता भावजयीचं घर,” हे तिचं ठरलेलं.

भोसरीत मी आणि मामाची मंगल एका खोलीत राहायचो आणि एकाच कंपनीत लाइनवर उभ्या राहायचो. शिफ्ट, ओव्हरटाइम, टार्गेट हे शब्द मी भाकरीसारखे रोज चावत होते. दिवाळीच्या तोंडावर माल जास्त, त्यामुळे दसऱ्याला जायचं दरवर्षी राहायचं. एका वर्षी तर पर्मनंट कोणाला करायचं ते ठरणार होतं. आणि मला लाइनवरच चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. मी गोळ्या घेतल्या.

मंगल दसऱ्याला गावी गेली आणि कळसला आत्याकडं जाऊन तिनं सगळं ओकून टाकलं. परतली ती आईला घेऊनच. पिशवीत तेलाची बाटली आणि काशाची वाटी.

मी मनातून खूश झाले. आता आई रांधेल, आपण डबल शिफ्ट मारू. संध्याकाळी आले तर स्टोव्ह गार. आई भिंतीला टेकून बसलेली. “तू येत न्हाईस, मग मीच आले बसायला. आन् बसायला आलेलं माणूस रांधत नसतं.” मी पीठ घ्यायला उठले, तर तिनं मनगट धरलं. “तू बी बस. भाकरी कुठं पळून न्हाय चालली.” मंगलनं चिवडा आणि केळी आणली. आईनं माझा पाय मांडीवर ओढला आणि वाटी फिरवायला लागली. तळव्यावरचं तेल काळं पडत गेलं. “बघ, किती कंपनी निघाली,” ती म्हणाली. मी हसता हसता रडले, आणि मग नुसतीच रडले.

दुसऱ्या दिवशी मी रजा मागितली. सुपरवायझर म्हणाले, यंदा नाव मागं पडेल. पडलं. पुढं झाले पर्मनंट, पण मंगलनंतर. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

त्या रजेतली एक दुपार. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन, खाली पिठाच्या गिरणीची घरघर. आई बोलता बोलता थांबली. वळून पाहिलं, तर माझ्या चटईवर हात उशाला घेऊन, तोंडावर पदर ओढून ती झोपली होती. बारीक घोरतही होती. भर दिवसा.

मला कोणी गाव विचारलं तर मी अजून कळसच सांगते. घर विचारलं, तर मला ती दुपार आठवते. तेव्हा मी उठले आणि दार हळूच लोटून घेतलं, आपल्या घरात कोणी झोपलं की घेतात तसं.