खुंटीवर राहिलेली काठी

आमच्या सुमनमावशीचा गुडघा असा वाजतो की कडी वाजली समजून शेजारी दार उघडतात. काठी टेकत ती आपल्या घरचे दोन मजले चढेपर्यंत खाली लावलेलं विरजण वर दही होऊन पोचतं. म्हणून नातीच्या मंगळागौरीला तिनं काठी खुंटीला अडकवली, कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि एवढंसं तोंड करून म्हणाली, "माझं खेळणं संपलं गं आता."

बायकांनी फेर धरला. आधी मावशीची बोटं ताल धरू लागली, मग पावलं, आणि बघता बघता तिनं नातीचे हात धरून अशी फुगडी घातली की छताचा पंखा लाजून मंदावला.

"मावशी, गुडघा!"

"त्याला कुणी बोलावलंय इथं?" ती गिरकीतूनच म्हणाली.

दुखणं काही खोटं नव्हतं, तो सुजलेला गुडघा मीच रोज तिच्या घरी जाऊन शेकते. पण मन उठून फेरात गेल्यावर शरीर बिचारं एकटं खुर्चीत किती वेळ बसणार?

सकाळी तिचा फोन आला. "ठणकतोय गं," नातवाची खोडी सांगावी तशा लाडानं ती म्हणाली. "आणि काठी तिथंच राहिली. पण मग काल जिना चढले कशी मी?"