नानाची चौथी प्रत

नाना गेल्याचं मला हातखंब्याला कळलं. पालीहून गाडीत बसले होते, कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं, "बाई, आपले स्टँडवरचे नाना गेले हो सकाळी." त्यानं माझ्या हातात तिकीट दिलं आणि पुढच्या सीटकडे वळला, कारण गाडीत माणसं होती आणि त्याला काम होतं. नानाला हे आवडलं असतं. नाना गेला म्हणून हातखंब्याहून गाडी दोन मिनिटं जरी उशिरा सुटली असती ना, तर तो तिरडीवरून उठून बसला असता...

नाना माझा मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. अख्खी नोकरी त्यानं रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून केली. मी आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला. लेख-बिख लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. हा लेख मी लिहिते आहे तो शोकसभेमुळे. तिथं रावसाहेब बोलले. रावसाहेब म्हणजे आंबा बागायतदारांच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि माझ्या क्लासच्या जागेचे मालक. गळ्यात उपरणं घालून ते म्हणाले, "नाना म्हणजे आमचं चालतंबोलतं वेळापत्रक. आयुष्यात एकदाच काय तो चुकला, आणि तोसुद्धा थेट स्पेनमध्ये!" लोक हसले. शोकसभेत हसले, नानाची बायको पुढच्या सतरंजीवर बसलेली असताना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सहा वर्षं जे तोंड बंद ठेवलं होतं ते तिथंही उघडलं नाही. म्हणून आता लिहून सांगते. रावसाहेबांकडे ही पुरवणी रविवारी येते हे मला ठाऊक आहे.

नानाला नाद होता आगगाड्यांच्या वेळापत्रकांचा. या जिल्ह्यात अजून रूळ आलेला नाही, आणि नाना जन्मात कधी आगगाडीत बसला नाही. मुंबईला जायचं तर एसटीनं, पूर्वी बोटीनं. पण घरी फळीवर देशोदेशीची वेळापत्रकं. राजिवड्याचा एक खलाशी होता, तो दर खेपेला त्याच्यासाठी काहीतरी आणायचा. दुसऱ्यांना सेंट आणि घड्याळं, नानाला कुठल्यातरी बंदरातलं जुनं वेळापत्रक. त्यातच युरोपातल्या सगळ्या गाड्यांचं एक जाडजूड लाल पुस्तक आलं. जेवून उठला की नाना ते घेऊन बसायचा आणि वहिनी म्हणायच्या, "आली यांची पोथी." मला बोलावून तो दाखवायचा. "हे बघ शकू, माद्रिदहून सकाळी निघाली. मध्ये सारागोसा. सारागोसा म्हणजे आपलं संगमेश्वर समज, तिथंही नद्या मिळतात. मग तारागोना, आणि संध्याकाळी बार्सिलोना." हातखंबा, पाली, साखरपा म्हणावं तशा सुरात तो ही नावं घ्यायचा. मी म्हणायची, "तुला काय करायचंय रे तिथलं?" तर म्हणायचा, "गाडी सुटली की नाही, ते बघायचं." दुसरं काय...

आणि त्याची एक खोड. स्टँडवरचा वेळेचा फळा स्वतः रंगवायचा, पण टांगण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. हमाल असो, कंडक्टर असो, नाहीतर भाजीवाली असो. "वाच बघू." लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही असं त्याचं म्हणणं. वाचून झालं की खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचा, 'वाचलं', आणि सही. त्याशिवाय त्याच्या हातचा कागद बाहेर जात नसे. लग्नाच्या पत्रिका छापायच्या झाल्या तरी लोक त्याच्याकडे घेऊन यायचे. नानानं वाचलं म्हणजे झालं, असं गावात म्हणत.

त्या वर्षी रावसाहेबांच्या मंडळानं बार्सिलोनाच्या कुठल्याशा प्रदर्शनात आंब्याच्या रसाचे डबे न्यायचं ठरवलं. विमान माद्रिदपर्यंत, तिथं एका व्यापाऱ्याला भेटायचं, आणि पुढं आगगाडीनं बार्सिलोना. मुंबईतल्या एजंटाला विचारायचं सोडून रावसाहेब आमच्या नानाकडे आले. "नाना, सगळा प्रवास तू आखून दे. आणि तूच चल बरोबर! वाट दाखवायला माणूस नको?" नानाचं काय झालं म्हणून सांगू... पन्नाशी उलटलेला माणूस, पण पोरासारखा झाला. पासपोर्ट काढला. मारुती आळीतल्या शिंप्याकडून तपकिरी कोट शिवला. घरी काट्यानं घावन खायची प्रॅक्टिस सुरू झाली. घावन मेलं काट्याला लागेल तर शपथ! वहिनी हसून हसून बेजार. खलाशाकडून 'ग्रासियास', म्हणजे 'आभारी आहे', शिकला आणि चहा दिला की मला म्हणायला लागला. जायला तीन महिने होते, पण गाडीत कुठल्या बाजूला बसायचं तेही त्यानं ठरवलं होतं. "डावीकडं बसायचं, उजवीकडं ऊन येईल. पण तारागोना आलं की उठून उजवीकडं जायचं, समुद्र दिसतो."

निघायला आठ दिवस राहिले असताना तो पासपोर्टचा उरलेला फोटो दाखवायला माझ्या क्लासमध्ये आला होता. सकाळची बॅच चालू, चौदा मुली. तेवढ्यात रावसाहेब आले. बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अरे नाना, तुझं नाव कमी केलंय हो. मेव्हण्याला न्यायचं ठरलं. आणि तू रे काय करणार तिथं? उभ्या जन्मात आगगाडीत बसला नाहीस. स्पेनला जाऊन कंडक्टरसारखी शिट्टी मारणार?" आणि स्वतःच तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवली. मुली हसल्या. त्या लहान होत्या, त्यांना मी दोष देत नाही. नानानं फोटो पाकिटात ठेवला. रावसाहेब दारातून वळून म्हणाले, "ते प्रवासाचं टाचण मात्र परवापर्यंत टाईप करून दे हां." नाना म्हणाला, "देतो."

मी भडकले. "का देतोस? फाडून टाक!" तर तो म्हणाला, "राग माणसांवर, गो. गाड्यांनी काय केलंय?" आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्यानं चार पानं सुरेख अक्षरात लिहून आणली. त्यात एका ओळीखाली लाल शाईनं दोनदा रेघ मारली होती. माद्रिदला मोठी स्टेशनं दोन. ही गाडी उत्तरेकडच्या चामार्तीनवरून सुटते. 'आतोचावर जाऊ नये! ते दक्षिणेला. ही गाडी तिथं थांबत नाही.' कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "चार प्रती काढ. झालं की कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घे." आणि ड्यूटीवर गेला.

मी मशीनवर कागद चढवला, मध्ये तीन कार्बन घातले, आणि टाईप करत त्या ओळीवर आले. कानात ती शिट्टी वाजत होती. माझी बोटं थांबली नाहीत. मी लिहिलं, आतोचा. लाल रेघेची ओळ गाळली. चूक नव्हती हो ती! सतरा वर्षं टायपिंग शिकवणारी बाई अशी चूक करत नाही. मी मुद्दाम केलं, आनंदानं केलं, आणि वर त्या ओळीचा समास नीट जुळवला. कुणाकडून वाचून घेतलं नाही. दुपारी रावसाहेबांचा ड्रायव्हर आला, त्याच्या हातात चारही प्रती दिल्या. संध्याकाळी नाना क्लासवर डोकावला. "वाचलंस ना गो?" मी म्हटलं, "वाचलं हो, दोनदा." तो "बरं" म्हणून गेला.

पुढचं सगळ्या रत्नागिरीला ठाऊक आहे. रावसाहेब, त्यांचा मेव्हणा आणि मंडळाचा सेक्रेटरी, तिघंही रसाचे खोके घेऊन आतोचावर दोन तास उभे. भाषा येत नाही. कागद दाखवतात, लोक मान हलवतात. गाडी तिकडून कधीच गेलेली. त्या दिवशीच्या पुढच्या गाड्यांत जागा नाही. बार्सिलोनाला पोचले ते दुसऱ्या दिवशी, आणि ज्या बड्या गिऱ्हाइकाला भेटायचं तो सकाळीच निघून गेला होता. मेव्हण्यानं स्टेशनवर रसाचे दोन डबे फोडून खाल्ले असं सेक्रेटरी मागाहून सांगायचा. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी त्या दिवशी घरी शिरा केला.

पण शिऱ्याची चव फार टिकली नाही. परत आल्यावर रावसाहेब सरळ स्टँडवर गेले आणि भर गर्दीत कागद नानाच्या तोंडावर फेकला. "मोठा वेळापत्रकवाला! तुझ्यामुळं आम्ही परमुलखात भिकाऱ्यासारखे उभे राहिलो. चूक आहे की नाही तुझी?" नाना म्हणाला, "असेल." एवढंच. मी तेव्हा फळ्याजवळ उभी होते. मी पुढं व्हायला हवं होतं. नाही झाले. क्लासची जागा रावसाहेबांची होती, दुसरीकडे कुठं जाणार या भीतीनं मी फळा वाचत उभी राहिले. आणि त्यानंतर गावानं काय केलं! पोरंसोरंसुद्धा विचारायला लागली, "नाना, ही गाडी देवरूखला जाते की आतोचाला?" पत्रिका येईनाशा झाल्या. कुणी वेळ विचारली की नाना म्हणायचा, "फळा वाचा." पण फळा तो रंगवतच राहिला, आणि कुणातरी हमालाला उभं करून वाचूनही घेत राहिला. माझ्याकडे आला की चहा घ्यायचा, 'ग्रासियास' म्हणायचा. मला एका शब्दानं बोलला नाही. मी मनातल्या मनात समजूत घालायची, त्याला खरंच वाटतंय की लिहिताना त्याचाच हात चुकला. मग मला झोप लागायची नाही. रावसाहेबांची जिरवायला गेले आणि जिरली माझ्या भावाची. सहा वर्षं ही गोष्ट मी गिळून बसले होते. आज सांगते, उद्या सांगते करत राहिले, आणि तो गेला...

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "ही पुस्तकं तुम्हीच न्या, त्यांचं हे खूळ तुमच्याइतकं कुणाला कळणार?" लाल पुस्तक उघडलं तर माद्रिदच्या पानात एक घडी केलेला कागद होता. माझंच टायपिंग. चौथी प्रत, कार्बनची, फिकट. मला वाटलं होतं चारही प्रती थेट रावसाहेबांच्या बंगल्यावर गेल्या. प्रत्येक ओळीपुढे नानाची लाल खूण होती, बरोबरची. 'आतोचा'भोवती मात्र लाल गोल होता. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'वाचलं', सही, आणि तारीख. तारीख मी टाईप केलं त्याच दिवसाची.

मी वहिनींना विचारलं, हा कागद इथं कसा? वहिनींना सगळं स्वच्छ आठवत होतं. "तो ड्रायव्हर बंगल्यावर जायच्या आधी आमच्याकडेच आला होता ना. त्याला ठाऊक, यांनी वाचल्याशिवाय कागद जात नाही. हे जेवायला बसले होते. हात धुऊन उठले, कागद वाचला, एक ठेवून घेतला नि तीन दिले त्याच्याकडे. आणि हसले हो. मी म्हटलं, काय झालं हसायला? तर म्हणाले, शकूचं टायपिंग सुरेख आहे."

म्हणजे संध्याकाळी माझ्याकडे येऊन "वाचलंस ना गो?" विचारणारा नाना सगळं जाणून होता! विमान सुटायला अजून सात दिवस होते. एक निरोप धाडला असता तर चूक दुरुस्त झाली असती. आमचा गरीब, शहाणा, गाड्यांनी काय केलंय म्हणणारा नाना पुन्हा जेवायला बसला आणि त्यानं वरणभात खाल्ला... अरे, मग मला एकदा तरी सांगायचंस रे! सहा वर्षं मला जाळलंस, आणि स्वतः स्टँडवर उभा राहून पोरांची थट्टा सोसलीस. मी त्याच्या कोटाला धरून रडले, तो कोट खुंटीवर तसाच होता, एकदाही न घातलेला. आणि रडता रडता मला हसू आलं. वहिनींना मी सगळं सांगितलं. त्यांनी कोटाची चुरगळलेली बाही नीट केली आणि म्हणाल्या, "बरं केलंत दोघांनी."

तर रावसाहेब, क्लासच्या जागेची किल्ली मी मंगळवारी तुमच्या दिवाणजींकडे दिली आहे, मशीनं वहिनींच्या ओटीवर हलवली आहेत. आता बोलायला मोकळी आहे. नाना एकदाही चुकला नाही. तुम्ही आतोचावर उभे राहिलात ते आम्हा दोघांना तुम्हाला तिथं उभं करायचं होतं म्हणून. पुढच्या शोकसभेत सांगायचं तर हे सांगा. शिट्टी वाजवून सांगितलंत तरी चालेल.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी वहिनींना ओटीवर बसवलं आणि म्हटलं, वाचा बघू मोठ्यानं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता तो दाखवला. मग मी लाल पुस्तकातून ती चौथी प्रत बाहेर काढली. कोपऱ्यात नानाच्या सहीखाली जागा होती, तिथं माझी सही केली.