मानवलेला खडा

पुष्कराज घेताना तो दुकानातल्या दिव्याखाली पाहू नये, दारात नेऊन उन्हात पाहावा, हे मला मुरबाडच्या सोनाराने सांगितले. दिव्याखाली फिका खडाही मधासारखा दिसतो.

आम्ही दोघे शहापूरहून गेलो होतो. बायकोची फुप्फुसे थकत चालली होती आणि किन्हवलीच्या माझ्या सासूबाईंना कुणीतरी पुष्कराज सुचवला होता. माझा विश्वास नव्हता. पण डॉक्टरांनी नवीन काही सांगणे थांबवले होते. नको म्हणण्याचे बळ माझ्यात उरले नव्हते.

सोनाराने पांढऱ्या कागदावर काही सुटे खडे मांडले. रंग सगळीकडे सारखा हवा, तो म्हणाला. पैलू नीट पडलेले हवेत, नाहीतर उजेड खालून निसटतो आणि खडा मधोमध विझलेला दिसतो. तापवून रंग चढवलेल्याला किंमत कमी, जमिनीतून तसाच आलेल्याला जास्त. वजन असून आतून स्वच्छ, असा क्वचितच सापडतो, म्हणून तो सगळ्यात भारी.

बायकोने सगळ्यात लहान खडा उचलला आणि दारात जाऊन डोळ्याजवळ धरला. आत पांढुरका डाग होता.

"वहिनी, त्याच्यात धुकं हाय. दुसरा बघा," सोनार म्हणाला.

"माझ्या एक्स-रेत पण असंच दिसतं. आमची जोडी जमेल."

सोनाराला हसावे की नाही कळेना. ती मात्र मनापासून हसली, आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

आमच्याकडे खडा लगेच अंगठीत बसवत नाहीत. आधी पिवळ्या फडक्यात घालून दंडाला बांधायचा आणि झोपायचे. झोप शांत लागली तर तो मानवला. सासूबाईंनी स्वतः गाठ बांधली. कित्येक दिवस उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढणारी बायको त्या रात्री आडवी झोपली. सकाळी म्हणाली, "अहो, मानवला मला."

अंगठी गुरुवारी करायची होती. बायको त्याआधीच गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तो खडा सोनाराला देऊन या. पैसं नकोत. कोनाच्या तरी लेकीला उपेगी पडंल."

मी मुरबाडला गेलो. सोनाराने पुडी उघडली, खडा ओळखला.

"बांधलेला का?"

"हो."

"झोप लागली त्यांना?"

"लागली."

त्याने पुडी पुन्हा दुमडली आणि हळूच माझ्याकडे सरकवली. "मंग नाय घेता येनार, सर. मानवलेला खडा त्यांचाच. दुसऱ्याला नाय देत. वाहत्या पान्यात सोडा."

रंग तोच होता, पैलू तेच, वजनही तेवढेच. तिची एक रात्र तेवढी त्यावर चढली होती.

किन्हवलीला जाऊन मी सासूबाईंना सारे सांगितले. उद्या सकाळी नदीवर जाऊ, म्हणालो. त्या उठल्या, पेटीतून ते पिवळे फडके काढले, खडा त्यात ठेवून आपल्याच दंडाला गुंडाळू लागल्या. एका हाताने गाठ बसेना.

"जावईबापू, येवढी गाठ मारा. आज मी बांधून निजते. माझ्या पोरीला कशी झोप लागली ती बघते. मंग सोडू."

मी गाठ ओढली.

"घट्ट नको," त्या म्हणाल्या. "तिला पन ढिलीच बांधलेली."