शालिकभाऊचा डावा डोळा

शालिकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरला पेटीचा भाता दुरुस्त करून घेत होतो. झोपेतच गेला म्हणे, कुणाला त्रास न देता... जन्मभर आम्हाला छळून शेवटी एवढं शहाणपण दाखवलं गड्यानं!

आमच्या नाटक मंडळीत तो नायिकेचा बाप व्हायचा आणि मी पेटी वाजवायचो. त्याच्या डाव्या डोळ्याची अश्रूंची नळी बंद होती, त्यामुळे तो डोळा बाराही महिने पाझरायचा. लेकीच्या पाठवणीच्या प्रवेशात तर अशी धार लागायची की समोरच्या बायाही रडायला लागायच्या. रडणारा बाप म्हणूनच त्याचं नाव झालं होतं. पुढे डोळ्याचा कोपरा सारखा सुजू लागला, पू येऊ लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर हा पठ्ठ्या अडून बसला.

"डोरा सुकला तं मंग मले नाटकात कोन घेईन?"

"अन् डोराच गेला तं?" त्याच्या बायकोनं, शांतावहिनींनी, दरडावलं. झालं, ऑपरेशन झालं. हाडाला भोक पाडून पाण्याला नाकात नवी वाट करून दिली.

त्यानंतरचा पहिला प्रयोग नाकाडोंगरीत होता. पाठवणी आली. मी सूर धरला, पण जीव थाऱ्यावर नव्हता. शालिकभाऊनं लेकीचा हात धरला... डोळा कोरडा ठणठणीत. त्याचा चेहरा पडला, खरंच रडू आलं, आणि सगळं पाणी नव्या वाटेनं नाकात उतरलं. त्यानं जोरात नाक ओढलं. संपलं, आता लोक हसणार, असं मला वाटलं. तर समोरून एका बाईचा हुंदका आला, "माहा बाप असाच रडला व बाई!" आणि सगळा मंडपच रडू लागला.

त्यानंतर कित्येक वर्षं त्यानं तो बाप केला. डोळा पुन्हा कधी सुजला नाही. वाट मोकळी आहे का ते तपासायला डॉक्टर डोळ्याच्या कोपऱ्यातून मिठाचं पाणी सोडायचे, तेव्हा घशात चव लागली की हा खुर्चीतूनच ओरडायचा, "आलं, आलं! खारट हाय!" धान रोवतानाही मग त्याला बाहीनं डोळा पुसावा लागला नाही. फार सुखात होता.

परवा चिखल्याला तेच नाटक झालं. बापाच्या भूमिकेत नवा नट. त्याची नळी अगदी धडधाकट, पण पाठवणीत त्यानं बरोब्बर तिथंच नाक ओढलं. मंडळीत आता बाप असाच रडतो. शांतावहिनी पेटीजवळ बसल्या होत्या. भाऊ गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "तुमचे भाऊ यवढ्या जोरानं नव्हते ओढत." आणि हसता हसताच मोकळेपणानं रडल्या.